मोटार उचलणारी साधने : स्क्रूच्या जॅकपासून घरगुती लिफ्टपर्यंत

मोटारीच्या पोटाखाली काम करायचे तर आधी दोन वेगळी कामे करावी लागतात. पहिले, गाडी उचलणे. दुसरे, उचललेली गाडी काम संपेपर्यंत तिथेच धरून ठेवणे. बोलताना ही दोन्ही एकच वाटतात आणि गाडीखाली चिरडून झालेल्या अनेक अपघातांचे मूळ याच समजुतीत असते. उचलणाऱ्या साधनांचा इतिहास पाहिला तर ही दोन कामे सुरुवातीला एकाच यंत्रात होती, पुढे सोयीपायी ती वेगळी झाली आणि अलीकडच्या पोर्टेबल लिफ्टमध्ये ती पुन्हा एकत्र आली आहेत. घरच्या गॅरेजमध्ये अशी लिफ्ट आणणाऱ्याला हा प्रवास माहीत असेल, तर निर्देशपुस्तिकेतल्या सूचनांमागची कारणे आपोआप कळतात.

मोटारीच्या आधी गाडी होती आणि गाडीच्या आखाला वंगण लागत असे. महाराष्ट्रातल्या बैलगाडीला ओंगण घालायचे म्हणजे चाक आखावरून थोडे बाहेर सरकवावे लागे आणि त्यासाठी ती बाजू जमिनीपासून उचलावी लागे. चार जणांनी खांदा लावायचा किंवा लाकडाची तरफ करायची आणि एकाने आखाखाली ओंडका सरकवायचा. उचलणारी माणसे वेगळी आणि भार पेलणारा ओंडका वेगळा, हे या कामात उघड दिसते. माणसे दमणार हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून ओंडका नीट बसेपर्यंत कोणी आखाखाली हात घालत नाही. बैल सोडल्यावर गाडीचे तोंड जमिनीवर टेकू नये म्हणून लावायच्या लाकडी टेकूला काही भागांत ‘शिपाई’ म्हणतात. न हलता जागेवर उभे राहायचे, एवढेच त्याचे काम. इंग्रजीत जॅक हे कोणाही सामान्य माणसाचे, गडीमाणसाचे नाव होते आणि गड्याचे काम करणाऱ्या उपकरणांना तेच नाव पडले. इंग्रजीने उचलणाऱ्याला माणसाचे नाव दिले, मराठीने धरून ठेवणाऱ्याला.

युरोपात वजन उचलण्यासाठी स्क्रूचा वापर बराच जुना आहे. तेराव्या शतकातल्या फ्रान्समधील व्हिलार द ओनकूर याच्या चित्रवहीत उभ्या स्क्रूने ओझे वर नेणाऱ्या यंत्राचे रेखाटन आहे. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांतही दात्यांच्या चक्राने चालणारा जॅक काढलेला आढळतो. स्क्रूच्या जॅकचे गणित साधे आहे. आटे अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरावर असतील आणि दांडा ३० सेंटिमीटर लांब असेल, तर एका पूर्ण फेऱ्यात हात सुमारे १९० सेंटिमीटर फिरतो आणि ओझे फक्त अर्धा सेंटिमीटर वर जाते. अंतर गमावून जोर मिळवायचा, असा हा सौदा. आदर्श स्थितीत हा लाभ पावणेचारशे पटीच्या आसपास भरतो. प्रत्यक्षात मात्र त्यातला निम्म्याहून जास्त भाग आट्यांच्या घर्षणात खर्च होतो.

हे घर्षण म्हणजे निव्वळ तोटा नव्हे. आट्यांचा चढ पुरेसा कमी असला की वरचे वजन स्क्रूला उलटे फिरवू शकत नाही, कारण घर्षण त्याला अडवते. दांडा सोडून दिला तरी ओझे जिथल्या तिथे राहते. यंत्रशास्त्राचा नियमच असा की, जो स्क्रू स्वतःला असा अडकवून ठेवतो त्याची कार्यक्षमता पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. उचलणाऱ्याचे निम्मे श्रम वाया जातात आणि त्या मोबदल्यात धरून ठेवण्याचे काम फुकटात होते. उचलणे आणि धरणे यांची ही पहिली जोडी.

दात्यांच्या पट्टीचा जॅक हा दुसरा जुना प्रकार. लोखंडी पट्टीवर दाते असतात, दांडा खाली-वर केला की एक खिट्टी पट्टीला एकेक दात वर ढकलते आणि दुसरी खिट्टी तिला खाली येऊ देत नाही. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या अवजड कॉनेस्टोगा मालगाड्यांबरोबर असे जॅक असत. चाक काढून वंगण घालायला ते लागत आणि त्यांतल्या काहींवर लोहाराने साल कोरलेले आहे. १९०५ मध्ये अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या ब्लूमफील्ड गावी सुरू झालेला ‘हाय-लिफ्ट’ हा शेतकऱ्यांचा उंच जॅक याच कुळातला आहे आणि तो आजही तयार होतो. याही जॅकमध्ये भार दातावर टेकलेला असतो. मात्र ती सगळी भिस्त एका लहानशा खिट्टीवर असते. खिट्टीत चिखल भरला किंवा तिची स्प्रिंग मोडली की दांडा उसळून हनुवटीवर बसतो. ज्यांनी हा जॅक वापरला आहे ते दांड्याच्या रेषेत तोंड नेत नाहीत.

जोर वाढवण्याची वेगळी वाट पाण्याने दाखवली. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखा पोचतो, हे ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडले. लंडनचा कुलूपकार जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये या तत्त्वावरच्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. पण दट्ट्या आणि नळकांडे यांच्या फटीतून पाणी गळत राही. ती अडचण सोडवण्याचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले याला दिले जाते. त्याने वाटीच्या आकाराचे चामडे बसवले. आतला दाब वाढला की चामड्याची कड फुगून भिंतीला आणखी घट्ट चिकटते, म्हणजे गळती करू पाहणारा दाबच गळती थांबवतो. आजच्या जॅकमध्ये चामड्याची जागा रबराने घेतली आहे, कल्पना तीच आहे.

ब्रामाचे यंत्र जागेवरून हलत नसे. ते माणसाच्या हाताने नेता येईल इतके लहान केले रिचर्ड डजन याने. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा कारागीर न्यूयॉर्कला राहत होता आणि १८५१ मध्ये त्याला हलवता येणाऱ्या हायड्रॉलिक जॅकचे पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंनी असे जॅक बनवायला सुरुवात केली. इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल याचे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे ६९२ फूट लांबीचे लोखंडी जहाज थेम्सच्या काठावर अडून बसले होते. ३ नोव्हेंबर १८५७ ला पहिला प्रयत्न फसला. पुढे हायड्रॉलिक जॅक लावून ते रेटत रेटत नेले आणि ३१ जानेवारी १८५८ ला ते पाण्यावर तरंगले. त्या कामाने टँगींचे नाव झाले. लंडनला आणलेला इजिप्तचा क्लिओपात्रा सुळका १८७८ मध्ये उभा करतानाही त्यांचेच जॅक लावले होते.

मोटारीच्या डिकीत मावणारा बाटली जॅक हे त्या यंत्रांचेच धाकटे रूप. समजा, लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर आणि मोठ्याचा ४ सेंटिमीटर आहे. मग मोठ्याचे क्षेत्रफळ १६ पट होते. दांड्याची तरफ १० पटीची असेल तर एकूण लाभ १६० पट आणि हाताने दिलेला १० किलोचा जोर १,६०० किलो उचलायला पुरतो. लहान दट्ट्या एका झटक्यात २ सेंटिमीटर खाली गेला तर गाडी सव्वा मिलिमीटर वर येते. स्क्रूच्या जॅकने घामाघूम होणारा माणूस इथे एका हाताने गाडी उचलतो, कारण घर्षणात जाणारे श्रम जवळजवळ नाहीसे झालेले असतात.

आणि नेमके इथेच काहीतरी हातचे गेले. घर्षण गेले तसे धरून ठेवणेही गेले. हायड्रॉलिक जॅकवर उभी असलेली गाडी एका तेलाच्या खांबावर उभी असते. त्या तेलाला दोन गोष्टी अडवून धरतात: मटाराच्या दाण्याएवढी पोलादी गोळी, जी झडपेच्या बैठकीवर दाबून बसलेली असते आणि बोटभर रुंदीची रबरी कडी. गोळीखाली धातूचा बारीक कीस अडकला तर तेल थेंबाथेंबाने मागे सरकते आणि गाडी डोळ्यांना न दिसता खाली येत राहते. रबर जुने होऊन चिरले तर ती एकदम येते. खाली उतरवायचा स्क्रू कोणाच्या धक्क्याने पाव फेरा सैल झाला तरी तेच. यात जॅक बनवणाऱ्याची लबाडी नाही, हा त्या यंत्राचा स्वभावच आहे. तो उचलतो. धरण्यासाठी दुसरे काहीतरी हवे, आणि हे दुसरे काहीतरी शोधण्यात पुढची शंभर वर्षे गेली.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात जॅकची गरज मुख्यतः टायरमुळे पडे. रस्ते घोड्यांच्या नालांच्या खिळ्यांनी भरलेले, टायर नाजूक आणि जादा चाक देण्याची पद्धत नाही. वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचे दुकान होते. १९०४ मध्ये त्यांनी पंक्चर चाकावर अडकवता येईल अशी हवा भरलेली जादा कड विकायला काढली. त्या रस्त्याचे नाव मालाला पडले आणि इंग्लंड ते विसरले तरी भारतात प्रत्येक जादा चाक आजही ‘स्टेपनी’ आहे.

चाक बदलणे पाच-दहा मिनिटांचे काम. गिअरबॉक्स उतरवायचा, सायलेन्सर बदलायचा, तेल काढायचे तर माणसाला तासन्‌तास गाडीखाली राहावे लागे. त्यावर गॅरेजवाल्यांचा पहिला तोडगा होता गाडी न उचलण्याचा. जमिनीत लांबट खड्डा खणायचा, गाडी त्याच्यावर आणून उभी करायची आणि माणसाने खाली उतरायचे. गाडी आपल्याच चार चाकांवर उभी असल्याने ती पडण्याचा प्रश्न नसतो. एसटीच्या डेपोत आजही बसची तपासणी अशाच पिटमध्ये होते. दहा टनांच्या आसपासची बस उचलण्यापेक्षा मेकॅनिक खाली उतरलेला बरा, हा व्यवहार चोख आहे. पिटचे धोके वेगळे आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खड्ड्यात साचून राहते, एका ठिणगीने पेट घेते. शिवाय उघड्या पिटमध्ये माणूस पडू शकतो.

दुसरा तोडगा अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात निघाला. पीटर लुनाटी याने १९२५ मध्ये जमिनीत पुरलेल्या नळकांड्यावर गाडी उचलणाऱ्या लिफ्टचे पेटंट घेतले. न्हाव्याची खुर्ची वर-खाली होते आणि फिरते, ते पाहून त्याला ही कल्पना सुचल्याचे सांगतात. त्याच्या लिफ्टवर गाडी गोल फिरवताही येई, म्हणून कंपनीचे नाव ‘रोटरी’ पडले. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर असतोच. त्याची हवा तेलाच्या टाकीवर दाब देते आणि तेल जाडजूड दट्ट्याला वर ढकलते. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी वॉशिंग सेंटरवर एकाच खांबावर वर गेलेली, पाण्याने निथळणारी गाडी दिसते, ती थेट या घराण्याची. अशा लिफ्टला लोखंडी पाय किंवा आडवी पिन असते. गाडी वर गेली की ती लावायची आणि भार तेलावरून लोखंडावर घ्यायचा. कित्येक ठिकाणी ही पिन भिंतीला टेकून गंजत पडलेली दिसते आणि खाली पोरगे फवारा मारत असते. ते पाहून पोटात गोळा येतो.

मुंबईत मोटारींचा व्यवसाय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच स्थिरावला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट व पद्मिनी बाहेर पडल्या. या गाड्यांनी शहराची टॅक्सी पन्नासहून जास्त वर्षे ओढली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. टॅक्सीची दुरुस्ती लिफ्टच्या गॅरेजमध्ये होत नसे, ती फुटपाथच्या कडेला होई. एक जॅक, दोन दगड, डोक्याखाली गोणपाट. कौशल्य अस्सल होते आणि सुरक्षितता त्या दगडांवर होती.

दरम्यान गाडीबरोबर येणारा जॅकही बदलत गेला. अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत बंपरला अडकवायचा दात्यांचा जॅक मिळे. एका बारीक खांबावर बंपरच्या टोकाने गाडी उचलायची, त्यामुळे थोडा उतार किंवा धक्का मिळाला तरी ती घसरे. १९७३ पासून तिथे टक्कर सोसणाऱ्या बंपरचे नियम आले, पुढे बंपर प्लॅस्टिकचे झाले आणि बंपर धरून गाडी उचलणे संपले. त्याची जागा घेतली कात्रीच्या आकाराच्या स्क्रू जॅकने. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, ती सुमारे साडेसहाशे किलोची हलकी गाडी होती आणि हा लहान जॅक तिला पुरत असे. स्क्रू असल्याने तो आपणहून खाली येत नाही. पण त्याचा पाया तळहाताएवढा असतो आणि गाडी जरा पुढेमागे झाली की सगळी कात्री आडवी होते. म्हणूनच प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत हा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असून त्यावर उभ्या गाडीखाली जाऊ नये, असे छापलेले असते.

घरी काम करणाऱ्यांच्या हाती खरे बळ आले ते चाकांच्या ट्रॉली जॅकने. तो गाडीखाली सरकवता येतो, चार-सहा झटक्यांत एक बाजू वर नेतो. त्याच्या सोबतीला धरण्याचे साधन म्हणून स्टँड आले. गॅरेजातले लोक त्याला घोडीही म्हणतात. पायाशी रुंद, वर खाचेची टोपी आणि मध्ये दात्यांची पट्टी किंवा आरपार पिन. यात हलणारे तेल नाही, रबर नाही. पोलादावर पोलाद टेकलेले असते. ट्रॉली जॅकने उचलावे, स्टँडवर उतरवावे आणि जॅक हलकासा टेकवून ठेवावा, ही रीत जगभर रूढ झाली.

स्टँडऐवजी विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे लावण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही. लाकूड मोडण्यापूर्वी करकरते, लोखंड वाकते, म्हणजे दोघेही आधी सूचना देतात. वीट सूचना देत नाही. एका कोपऱ्यावर भार आला की ती क्षणात चुरा होते. भिंतीत वीट कितीही वजन पेलत असली तरी तिथे ते वजन संपूर्ण पृष्ठभागावर पसरलेले असते. गाडीच्या पट्टीची धार तिला छिन्नीसारखी लागते.

पोलादी स्टँडवरही डोळे मिटून विसंबता येत नाही, हे २०२० मध्ये अमेरिकेत दिसून आले. एका मोठ्या दुकानसाखळीने सुमारे १७ लाख स्टँड परत मागवले. कारखान्यातले साचे झिजल्याने खाचांची खोली कमी-जास्त झाली होती आणि गाडी हलली तर दात सुटून स्टँड एकदम खाली बसण्याची शक्यता होती. बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडमध्येही वेल्डिंगचा दोष निघाला आणि तेही मागे घ्यावे लागले. तेव्हापासून अनेक जण दात्यांच्या स्टँडमध्ये जादा आडवी पिन असलेलाच प्रकार निवडतात. स्टँडवर लिहिलेला टनांचा आकडा एकाचा आहे की जोडीचा, हेही लेबलवर वाचून घ्यावे लागते.

व्यावसायिक लिफ्टना शिस्त लावण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते. अमेरिकेत १९४५ मध्ये लिफ्ट बनवणाऱ्यांनी ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन केली. युरोपात गाड्यांच्या लिफ्टसाठी ईएन १४९३ हे मानक आहे. पुरलेल्या नळकांड्यांतून तेल झिरपून माती खराब होते, हे लक्षात आल्यावर जमिनीवर उभ्या राहणाऱ्या दोन आणि चार खांबांच्या लिफ्ट पसरल्या. त्यांच्या खांबात ठरावीक अंतरावर खाचा असतात. लिफ्ट वर चढताना खिट्टी एकेका खाचेवरून टकटक आवाज करत जाते. मेकॅनिक हवी ती उंची गाठतो आणि मग लिफ्ट थोडी खाली सोडून खिट्टीवर टेकवतो. तेल उचलते, लोखंड धरते. जुन्या दात्यांच्या जॅकचा धडा हायड्रॉलिकने इथे परत गिरवला.

घरच्या गॅरेजसाठीची पोर्टेबल लिफ्ट ही या खाचेच्या कल्पनेची हलकी, सुटी आवृत्ती आहे. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात दोन बुटके खांब फरशीतल्या अँकरना बोल्टने आवळायचे आणि काम झाल्यावर सोडून भिंतीशी ढकलून ठेवायचे. ‘मॅक्सजॅक्स’ या नावाने तो ओळखला जातो. दुसऱ्यात गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक लांबट चौकट सरकवायची असते आणि छोट्या मोटरपंपाने तेल भरून दोन्ही एकदम उचलायच्या असतात. ‘क्विकजॅक’ हा याचा परिचित नमुना. याच्या अनेक मॉडेलांची क्षमता ३,५०० ते ७,००० पौंड, म्हणजे सुमारे १,६०० ते ३,२०० किलो आणि उचल दोन फुटांच्या आत-बाहेर असते. माणूस पाठीवर झोपून आरामात काम करू शकेल इतकी जागा मिळते आणि चारही चाके मोकळी लोंबतात. पाठीवर पडून जॅक आणि चार स्टँडची कसरत करणाऱ्यासाठी हे मोठेच सुख आहे.

या चौकटीच्या लिफ्टचा एक गुण नीट समजून घ्यायला हवा. तिचे पाय समांतरभुज चौकोनासारखे उभे राहतात, त्यामुळे गाडी सरळ वर न जाता कमानीच्या वाटेने जाते. वर येता येता ती थोडी पुढे किंवा मागेही सरकते. गॅरेजच्या भिंतीला खेटून उभी केलेली गाडी वर येताना भिंतीवर आदळू शकते, म्हणून दोन्ही टोकांना मोकळी जागा ठेवावी लागते.

उचलण्याचा क्रम जुनाच आहे. गाडीच्या तळाशी कंपनीने दाखवून दिलेल्या चार जागी रबरी ठोकळे बसवायचे. बहुतेक मोटारींत ती जागा दरवाजांखालच्या पट्टीची जाड केलेली कड असते, जीपसारख्या सांगाड्याच्या गाडीत ती सांगाड्यावर असते. ठोकळा कडेपासून जरा बाहेर गेला की पत्रा आत वाकतो आणि गाडी तिरकी होते. मग लिफ्ट वर घ्यायची, चाके जमिनीवरून बोटभर सुटताच थांबायचे, चारही ठोकळे वाकून पाहायचे आणि गाडीला हाताने कुठून तरी जोरदार हलवायचे. ती घसरणारच असेल तर आता घसरू द्यावी. बोटभर उंचीवरून पडलेल्या गाडीने कोणी मरत नाही. या एका मिनिटाइतकी स्वस्त खबरदारी सगळ्या गॅरेजमध्ये दुसरी नाही. नंतर दोन्ही बाजू सारख्या चढत आहेत ना, यावर नजर ठेवायची. नळीत हवा अडकली असेल तर एक बाजू मागे रेंगाळते. कुलपाच्या खाचेपलीकडे गेल्यावर लिफ्ट थोडी खाली सोडायची. दोन्ही बाजूंचे लोखंडी दांडे खाचेत बसल्याचा खट्ट आवाज ऐकायचा, तेवढ्यावर न थांबता टॉर्च लावून डोळ्यांनी पाहायचे. एक बाजू खाचेत आणि दुसरी तेलावर, अशी स्थिती सर्वांत फसवी, कारण गाडी तेव्हाही सपाटच दिसते. दोन खाचांच्या मध्ये थांबून खाली सरपटणे म्हणजे पुन्हा त्या रबरी कडीवर जीव सोपवणे.

खाली उतरवताना क्रम उलटा असतो. लिफ्ट आधी इंचभर वर घेतली तरच दांडे मोकळे होतात. हे माहीत नसलेला माणूस हातोडीने दांडा सोडवायला जातो आणि भार असलेल्या कुलपाशी झुंजतो. उतरताना गाडीखाली कोणी नाही, अवजाराची पेटी नाही, रबरी नळी चौकटीखाली दबलेली नाही, हे वाकून पाहावे लागते. घरात लहान मुले आणि मांजरे असतात. त्यांना गाडीखालची सावली आवडते.

वजनाचा हिशेब फक्त एकूण किलोंचा नसतो. पुढे इंजिन असलेल्या गाडीचा बराच भार पुढच्या ठोकळ्यांवर येतो. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवला की तोल मागे जातो आणि तासाभरापूर्वी निश्चल वाटलेली गाडी मागून बसू लागते. अवजड भाग काढायचा असेल तर त्याच्या विरुद्ध टोकाला आणखी स्टँड लावून ठेवावे लागतात. घट्ट नट सोडवण्यासाठी लांब पाइप घालून जोर देणे हाही तोलावर घातलेला घालाच. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घेण्याची जुनी रीत यासाठीच आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तळभर बॅटरी पसरलेली असते आणि ठोकळा चुकून तिच्यावर बसला तर नुकसान पत्र्यापुरते राहत नाही. अशा गाड्यांना उचलण्याच्या जागा कंपनी वेगळ्या ठरवून देते.

महाराष्ट्रात यापलीकडे प्रश्न येतो जमिनीचा. खांबांच्या लिफ्टना किमान चार इंच जाडीचे, सुमारे २१ मेगापास्कल ताकदीचे, पूर्ण पक्के झालेले काँक्रीट लागते, असे त्यांचे उत्पादक सांगतात. आपल्याकडची घरची पार्किंग बहुधा पेव्हर ब्लॉकची, शहाबादी फरशीची किंवा सोसायटीच्या तळघरावरच्या स्लॅबची असते. पेव्हर ब्लॉक वाळूवर बसवलेले असतात, अँकर त्यांतून मुळासकट उपटून येतो. शहाबादी फरशीखाली पोकळी असली तर भार पडताच ती तडकते. तळघराच्या स्लॅबला भोक पाडणे म्हणजे खालच्या लोकांच्या छताला हात लावणे, आणि त्याला स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी संमतीशिवाय परवानगी असूच नये. चौकटीच्या लिफ्टला बोल्ट लागत नाहीत म्हणून ती इथे जास्त जमते, पण तिलाही सपाट, कठीण आणि उतार नसलेली जागा हवी. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून आपल्या अंगणांना मुद्दाम उतार दिलेला असतो. डोळ्यांना तो जाणवत नाही, फरशीवर गोटी ठेवली की जाणवतो.

पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेला पंक्चर काढणारे जुने ड्रायव्हर आणखी एक गोष्ट करत आले आहेत. उचलायच्या आधी ते जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावतात, आणि चाक बदलायचे असले की स्टेपनी आधी गाडीखाली आडवी सरकवतात, मग जुने चाक खोलतात. नवे चाक बसेपर्यंत जुने तिच्या जागी आडवे असते. जॅक निसटला तर गाडी रस्त्यावर न बसता त्या टायरवर बसते आणि खाली अडकलेल्या माणसाला वीतभर जागा उरते. पोर्टेबल लिफ्ट कितीही चांगली असली, दोन्ही कुलपे खाचेत बसलेली दिसली, तरी काढलेली चाके भिंतीला टेकून ठेवू नयेत. ती गाडीखाली सरकवावीत.